पाचवा फोटो

अर्जाला फोटो लावायचा राहिलाय हे शरयूताईंच्या लक्षात आलं, तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते आणि सभा दहाला होती. पासपोर्ट फोटोंचं पाकीट त्यांनी उलटं करून झटकलं. काहीच पडलं नाही. आठ प्रती काढल्या होत्या. सहा महिन्यांतल्या सात अर्जांना सात गेल्या आणि आठवी सातव्या अर्जाच्या झेरॉक्सला चिकटवावी लागली, कारण खिडकीतल्या माणसाने तसं सांगितलं होतं.

"अहो, फोटो संपले," त्यांनी हाक मारली.

"मीही संपतच आलोय," पेपरामागून चिंतामणराव म्हणाले.

"असं अभद्र बोलू नका हो! संकष्टी आहे आज!" शरयूताईंनी देव्हाऱ्याकडे वळून स्वतःच्याच गालांवर दोन हलक्या चापट्या मारल्या. "त्यांचं मनावर घेऊ नकोस रे बाबा. अकरा मोदक करीन."

चिंतामणराव खटावकर म्हणजे कोरेगावच्या एसटी स्टँडवरचे निवृत्त वाहतूक नियंत्रक. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, हे तीस वर्षं त्यांनी माइकवरून सांगितलं. आता त्यांच्या हृदयाच्या तीन नळ्या चोंदल्या होत्या. साताऱ्याच्या डॉक्टरांनी अठरा दिवसांपूर्वीच्या तपासणीत दोन गोष्टी बजावल्या होत्या. महिन्याच्या आत शस्त्रक्रिया करा, ही पहिली. दुसरी त्यांनी शरयूताईंना बाजूला घेऊन सांगितली, "तोवर यांना कसलाही धक्का बसता कामा नये."

पहिली गोष्ट सरकारी योजनेत अडकून पडली होती. मंजुरीचं पत्र आलं की तारीख मिळणार होती आणि पत्र काही येत नव्हतं. दुसरी गोष्ट मात्र शरयूताईंनी जिवापाड सांभाळली होती. त्या दिवसापासून घरात कुकरची शिट्टी होऊ दिली नव्हती, डाळ पातेल्यात शिजत होती. फोनची घंटा बंद होती. सांगलीच्या नणंदेला त्यांनी कळवून ठेवलं होतं की कुणाच्या आजारपणाची बातमी असली तर आधी मला सांगा, मी बेताबेताने सांगेन.

मुळात शरयूताईंचा स्वभावच भित्रा. गेल्या वर्षी चिंतामणरावांचा मोतीबिंदू काढला, तेव्हा आत ते डॉक्टरांशी गाड्यांच्या वेळापत्रकावर गप्पा मारत होते आणि बाहेर बाकावर शरयूताईंना भोवळ आली होती. चारचौघांत बोलायचं म्हटलं की त्यांच्या तळहाताला पाणी सुटे. आणि नवऱ्याचं नाव तर त्यांनी लग्नातल्या उखाण्यानंतर हळदीकुंकवाशिवाय कधी तोंडातून काढलं नव्हतं. रोज संध्याकाळी अष्टविनायकांची नावं घ्यायचा त्यांचा नेम होता. मोरगावचा मयूरेश्वर, सिद्धटेकचा सिद्धिविनायक असं ठणठणीत म्हणत त्या यायच्या आणि पाचव्या गणपतीपाशी आवाज खाली जायचा. "थेऊरचे ते," असं म्हणून त्या पुढे लेण्याद्रीला निघायच्या.

आजची सभा मात्र चुकवून चालणार नव्हतं. तालुक्याचे पुढारी नानासो यांनी 'आरोग्यसेवा सुधार जनसंवाद' भरवला होता. योजनेचे साहेब स्वतः मंचावर बसून अर्ज निकाली काढणार होते. पुढच्या आठवड्यात आचारसंहिता लागणार, मग निकाल लागेपर्यंत कुठलाच कागद हलणार नव्हता. आणि डॉक्टरांनी दिलेला महिना संपायला बारा दिवस उरले होते.

स्टुडिओ अकराशिवाय उघडत नसे. शरयूताईंनी घरभर नजर फिरवली आणि ती भिंतीवर जाऊन थांबली. तिथे चिंतामणरावांच्या साठीशांतीचा फोटो होता. चांगला वहीएवढा, काचेच्या फ्रेममध्ये. गळ्यात झेंडूचा हार, कपाळाला गंध, हात जोडलेले, चेहऱ्यावर समाधान.

"हा नेऊ या," त्या म्हणाल्या. "हवा तेवढा कापून घेतील."

"फ्रेमसकट?"

"काढताना फाटला तर? अपशकुन नको."

फाईल आणि फोटो त्यांनी देवापुढे ठेवले. महत्त्वाचा कागद देवाच्या पायाशी ठेवल्याशिवाय त्यांच्या घरातून कधी बाहेर पडला नव्हता. फाईलला त्यांनी हळदकुंकू लावलं. मग फोटोलाही लावलं. हळद सांगलीहून नणंदेने पाठवलेली, अस्सल, बोट लावलं की दोन दिवस निघणार नाही अशी. गणपतीच्या पायावरचं जास्वंदीचं फूल त्यांनी फ्रेमच्या कोपऱ्यात खोचलं, वर चिमूटभर अंगारा टाकला आणि सगळं पांढऱ्या पंचात गुंडाळून घेतलं.

शेजारच्या मेहरुनबी दारात तयारच होत्या. त्यांचे यजमान कुतुबुद्दीनभाई रिक्षा घेऊन खाली उभे होते.

"चला वैनी. कशाला येवढं भ्यायचं? आपुन काय चोरी कराया निघालोय व्हय?"

"मेहरुन, मला तिथे काही बोलायला लागणार नाही ना?"

"न्हाई वं. मी हाय की."

मंगल कार्यालयाच्या दारात अर्ज घेणाऱ्या टेबलापुढे ही झुंबड. शरयूताईंनी गर्दी पाहिली आणि त्यांचे पाय जमिनीला चिकटले. "आणा हिकडं," म्हणत मेहरुनबींनी ते गाठोडं घेतलं आणि कोपरं मारत त्या पुढे घुसल्या.

टेबलामागे नाथाजी होते, नानासोंच्या सगळ्या सभांचं काम बघणारे. एरवी पिळदार मिशीचा माणूस, पण सकाळपासून त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. वेळेवर उपचार न मिळाल्यामुळे तालुक्यातली जी माणसं गेली, त्यांना श्रद्धांजली वाहून सभा सुरू करायची, ही नानासोंची कल्पना. फलक छापून मंचावर लागलाही होता, 'आपण गमावलेले पाच जीव'. आणि फोटो आले होते चार. पाचव्या घरच्यांनी आयत्या वेळी कळवलं होतं की आम्हाला यात पाडू नका. फलकावरचे पाच आणि मंचावरचे चार नानासोंनी मोजले असते, तर पाचवा फोटो नाथाजींचाच लागला असता.

तेवढ्यात समोर पांढरा पंचा उलगडला. आत हार घातलेला, गंध लावलेला, हात जोडलेला, हळदकुंकवाने माखलेला, फूल वाहिलेला माणूस.

नाथाजींनी डोक्यावरची टोपी काढली. "कोण तुमचं?"

"शेजारी," मेहरुनबी म्हणाल्या. "लय भला माणूस. सात अर्ज केलं, कुनी दाद दिली न्हाई बगा."

"सगळी फाईल हाय?"

"समदी हाय. त्येंच्या बायकूनं येक कागद हलू दिला न्हाई."

"तुमी रांगेत थांबू नका मावशी," नाथाजी गहिवरून म्हणाले. "जावा, बसा. म्होरचं मी बगतो."

मेहरुनबी विजयी मुद्रेने परत आल्या. "बगा वैनी! माणूस येवढा चांगला, टोपी काढून फाईल घेतली त्येनं."

शरयूताईंचा ऊर भरून आला. इतक्या सन्मानाने त्यांची फाईल आजवर कुणी घेतली नव्हती. त्यांनी मनातल्या मनात हात जोडले.

आत पुरुषांच्या आणि बायकांच्या खुर्च्या वेगळ्या मांडल्या होत्या, मध्ये जायची वाट. चिंतामणराव पलीकडे तिसऱ्या रांगेत कडेला बसून चष्मा लावून सभेचं पत्रक वाचत होते. शरयूताई मेहरुनबींशेजारी टेकल्या, पदराने घाम टिपला आणि त्यांनी प्रथमच मंचाकडे पाहिलं.

मंचावर एका ओळीत पाच फोटो उभे होते. प्रत्येकाला ताजा हार. समोर समई. शेवटून पहिल्या फोटोतल्या माणसाला दोन हार होते, एक बाहेरून आणि एक आतून.

शरयूताईंनी मेहरुनबींचा दंड धरला.

"काय झालं वैनी? नखं लागत्यात की!" मेहरुनबींनी त्यांच्या नजरेच्या रोखाने पाहिलं. "या अल्ला. ह्ये तर भावजी."

ज्या बाईने छत्तीस वर्षं वटसावित्रीचा वड चुकवला नव्हता, हरतालिकेला पाण्याचा घोट घेतला नव्हता, तिने नवऱ्याच्या फोटोपुढे दक्षिणेकडे तोंड केलेली समई पाहिली. त्यांचा हात आपोआप मंगळसूत्राकडे गेला. एकवीस मोदक, त्या पुटपुटल्या. नाही, एक्कावन्न. आणि मग त्यांना त्याहून मोठं संकट दिसलं. पलीकडच्या माणसाने मान वर करायचा अवकाश, की त्याला स्वतःचा हार घातलेला फोटो दिसणार होता. धक्का बसता कामा नये.

त्या कशा उठल्या आणि कशा पलीकडे पोचल्या, हे त्यांना नंतरही आठवलं नाही.

"चष्मा द्या."

"आं?"

"चष्मा द्या. पुसायचाय."

"आत्ता? अगं, स्वच्छ आहे."

"धूळ बसलीय!" असं म्हणत त्यांनी त्यांच्या नाकावरचा चष्मा जवळजवळ ओढूनच काढला, पर्समध्ये कोंबला आणि पर्सची चेन लावून टाकली. चिंतामणरावांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि पत्रकाची घडी घातली. मग शांतपणे म्हणाले, "बरं."

तिथून शरयूताई थेट मंचाच्या पायरीशी गेल्या. नाथाजी तिथे समईची वात सारखी करत होते.

"अहो दादा, तो शेवटचा फोटो... ते जिवंत आहेत."

नाथाजींच्या हातातली वात तेलात पडली. "काय म्हनता?"

"ते तिथे बसलेत. तिसऱ्या रांगेत. मी त्यांची... मी त्यांच्या घरची."

नाथाजींनी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं आणि त्यांच्या मिशा खाली आल्या. "आवं वैनी, मंग हार घातल्याला फोटो कशापायी आनला?"

"साठीशांतीचा आहे तो!"

"आन् हळदकुकू? फूल? अंगारा?"

"देवापुढे ठेवला होता."

"मेलो," नाथाजी म्हणाले. "वैनी, पाया पडतो, जरा गप ऱ्हावा. दोन मिनटांचं काम हाय. लोकं उभी ऱ्हात्याल, बसत्याल, झालं. मागनं गुपचूप फोटो काढून देतो. आत्ता काढला तर नानासो मला हितंच..." आणि त्यांनी फलकावरच्या 'पाच' या आकड्याकडे बोट केलं.

"निदान फाईल तरी द्या!"

"फाईल नानासोंकडं गेली. भाषनाला."

तेवढ्यात माइक खरखरला. शरयूताई परत फिरल्या, पण बायकांच्या बाजूला पोचायच्या आतच निवेदिकेने नावं वाचायला घेतली. एक, दोन, तीन, चार. प्रत्येक नावाबरोबर शरयूताईंचे मोदक वाढत होते. एकशे एकवर त्या पोचल्या आणि आवाज आला, "आणि कोरेगावचे चिंतामण विष्णू खटावकर."

"आलो!" तिसऱ्या रांगेतून चिंतामणराव ताडकन उठले.

त्याच क्षणी निवेदिका म्हणाली, "सर्वांनी कृपया उभं राहावं." आणि पाचशे माणसं खुर्च्या सरकवत उभी राहिली.

चिंतामणरावांनी चहूकडे पाहिलं. समोरून शरयूताई धावत येत होत्या. मग हात जोडले. "बसा, बसा," ते संकोचून म्हणाले, "कशाला उठलात सगळे?"

"शूऽऽ!" मागचा एक फेटेवाला दात-ओठ खात म्हणाला. "काय रीतभात हाय का न्हाई, आजोबा? मानूस मेलाय हितं."

शरयूताईंनी पोचताच त्यांचा सदरा धरला आणि खाली ओढलं. त्यांचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता. दोन मिनिटं संपली. स्वतःच्या श्रद्धांजलीला चिंतामणराव एकटेच बसून होते.

"माझं नाव घेतलं गं," ते हळूच म्हणाले.

"ती पहिली यादी. अजून वेळ आहे. तुम्ही बोलू नका, दम लागेल."

शरयूताई आता पुरुषांच्या बाजूलाच, त्यांच्या शेजारी बसून राहिल्या. लाज, रीत, सगळं भीतीने केव्हाच धुऊन नेलं होतं. मेहरुनबीही येऊन मागच्या खुर्चीवर बसल्या. सुनेला, रुक्सारला, दाखवायला म्हणून त्यांनी मोबाइलवर सभेचं रेकॉर्डिंग लावलेलं होतं, ते तसंच चालू होतं.

नानासो उठले. आवाज धरणाचं दार उघडावं तसा. त्यांच्या हातात हळदकुंकू लावलेली फाईल होती.

"बंधू आणि भगिनींनो, आरोग्यसेवा सुधारायची म्हंजे काय, ते मी कागदावरचं सांगणार नाही. ही फाईल बघा. सात अर्ज! सहा महिने ह्यो माणूस हेलपाटे घालत होता. कधी फोटो नाही म्हणून परत, कधी सही नीट नाही म्हणून परत. तीस वर्षं ज्यानं तुमची-आमची गाडी वेळेवर सोडली, त्याची गाडी मात्र कुणी सोडली नाही!"

"आपलंच सांगतायत," चिंतामणराव म्हणाले.

"आणि आज कुठं हाय तो? स्वर्गी..."

शरयूताईंना जोराचा खोकला आला. 'य' कुणाला ऐकूच आला नाही.

"... चिंतामणराव आज आपल्यात..."

मागून मेहरुनबी खोकल्या. असा खोकला, की पुढच्या दोन रांगा वळल्या. नानासो 'दिवंगत' म्हणाले की शरयूताई खोकायच्या, 'आत्मा' म्हणाले की मेहरुनबी. चौथ्या खोकल्याला एक नर्सबाई पाण्याची बाटली आणि दोन मास्क घेऊन आल्या आणि थुंकी तपासायला कधी येता, असं विचारत नाव लिहून घेऊ लागल्या. चिंतामणराव बायकोच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "सावकाश," ते म्हणत होते, "सावकाश घे."

"ह्या मरणाला जबाबदार कोण?" नानासो गरजले आणि गर्रकन वळून त्यांनी बोट रोखलं ते योजनेच्या साहेबांवर. "साहेब, उत्तर द्या!"

मंडपात गलका झाला. "उत्तर द्या!" फेटेवाला ओरडला. साहेब उठले. चौकटीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, कपाळावर घामाचे थेंब. त्यांनी फाईलकडे पाहिलं, पाचशे माणसांकडे पाहिलं, आणि भ्यालेला माणूस जे करतो तेच त्यांनी केलं.

"एक मिनिट. गैरसमज होतोय," ते माइकमध्ये म्हणाले. "या प्रकरणाला मंजुरी दिलेली आहे. गेल्या शुक्रवारीच. पत्रही तयार आहे. आमच्याकडून काहीही विलंब नव्हता. परंतु दुर्दैवाने रुग्णच... ईश्वरेच्छा. आज मयताची नोंद घेऊन फाईल बंद करण्यात येईल." त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि नानासोंच्या हातातली फाईल आपल्या पुढ्यात ओढली.

शरयूताईंचा खोकला थांबला.

मंजुरी आहे. पत्र तयार आहे. आणि त्या पेनाचं टोक कागदाला लागलं की फाईल बंद. एकदा सरकारी कागदावर मेलेला माणूस परत जिवंत करायला किती अर्ज लागतात कोण जाणे. आठव्या अर्जाला तर घरात फोटोसुद्धा नव्हता. आणि महिना संपायला बारा दिवस होते.

त्यांनी मागे वळून मेहरुनबींकडे पाहिलं. "मेहरुन, तू बोल ना."

मेहरुनबींनी मोबाइल छातीशी धरला होता. "वैनी," त्या पहिल्यांदाच घाबऱ्या आवाजात म्हणाल्या, "मानूस तुमचं हाय. माजं कोन आयकंल?"

शरयूताई उठल्या. पाच पायऱ्या होत्या. पहिल्या पायरीवर त्यांनी पदर खोचला, दुसरीवर कठडा धरला. सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. हजार मोदक, त्या म्हणाल्या, बाबा रे, हजार करते, पण पडू देऊ नकोस. मंचावर पोचल्यावर त्यांनी आधी समई उचलून बाजूला ठेवली. मग पाचव्या फोटोवरचा हार काढला. तो फ्रेमच्या कोपऱ्याला दोनदा अडकला.

"ताई, ताई," नानासो नरमाईने पुढे झाले. "घरच्या का तुम्ही? घाबरू नका. बोला. सगळ्यांना सांगा, कोण तुमचे?" आणि त्यांनी माइक शरयूताईंच्या हातात दिला.

माइक जड होता. समोर पाचशे तोंडं. सांगायचं होतं ते तीन शब्दांचं, पण त्यातला पहिला शब्द म्हणजे नवऱ्याचं नाव. ते सरळ उच्चारायला जीभ वळेना. 'आमचे हे' म्हटलं, तर पाचांतला कुठला, हे साहेबांना कळायचं नाही. पेन तर टेकायला आलेलं. नवऱ्याचं नाव तोंडातून काढायची एकच वाट त्यांना आयुष्यात माहीत होती. त्यांनी डोळे मिटले आणि त्या वाटेने निघाल्या.

"समईत घातली वात, निरांजनात तूप,
चिंतामणराव बसलेत तिसऱ्या रांगेत सुखरूप."

मंडपात इतकी शांतता पसरली की मघाच्या दोन मिनिटांतही तेवढी नव्हती. मग तिसऱ्या रांगेच्या कडेला चिंतामणराव उठून उभे राहिले आणि तीस वर्षांच्या सवयीचा आवाज माइकशिवाय मंडपभर घुमला.

"नोंद घ्यावी. चिंतामण विष्णू खटावकर फलाटावर हजर आहेत!"

फेटेवाला मटकन खाली बसला. "आरं तिच्या," तो म्हणाला, "मयतालाच गप बसवलं की मी!" आणि पाचशे माणसांचा हशा फुटला. नाथाजी पडद्यामागे दिसेनासे झाले.

नानासोंच्या चेहऱ्यावर क्षणभर वीज चमकली. शरयूताईंनी ती पाहिली आणि त्यांना वाटलं, झालं, आता आपली धडगत नाही. पण नानासो पंचवीस वर्षं राजकारणात होते. त्यांनी माइक अलगद काढून घेतला.

"बघताय काय, टाळ्या वाजवा!" ते म्हणाले. "चार आपण गमावले. पाचवा जाऊ देणार नाही, हे सांगायलाच आज जमलोय आपण!" टाळ्या थांबायच्या आत ते वळले. "साहेब, पत्र द्या."

"पत्र... ते कार्यालयात..."

"तयार हाय म्हनला नव्हं?" खालून मेहरुनबींचा मूळचा आवाज परत आला होता. त्यांनी मोबाइल उंच धरला. "समदं हितं आलंय बगा, शुक्रवारचं!"

साहेबांनी मोबाइलकडे पाहिलं, नानासोंकडे पाहिलं, आणि मग पिशवीतून कोरं छापील पत्र काढलं. नाव, शस्त्रक्रिया, मंजूर. शिक्का पिशवीतच होता. तारखेपाशी पेन अडखळलं.

"शुक्रवारची टाका," मंचाच्या पायरीशी येऊन पोचलेले चिंतामणराव म्हणाले. "गाडी उशिरा सुटली तरी नोंद वेळापत्रकाचीच असते."

पत्र हातात आलं. शरयूताईंनी ते कपाळाला लावलं. फोटो पंचात गुंडाळून निघताना त्या उरलेल्या चार फोटोंपुढे थांबल्या. त्यांत एक त्यांची मुलगी शोभेल अशा वयाची होती. बाजूला सरकवलेली समई त्यांनी उचलून परत त्यांच्यापुढे ठेवली, वात सारखी केली आणि नमस्कार केला. त्या चौघांसाठी मंचावर येऊन काही म्हणायची सोय कुणाला उरली नव्हती.

परतताना रिक्षात तिघं मागे आणि फोटो शरयूताईंच्या मांडीवर उपडा. मेहरुनबी पुढे वाकून कुतुबुद्दीनभाईंना सगळं सांगत होत्या.

"लय चांगलं झालं," ते आरशात बघून म्हणाले. "मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतंय भावजी. हितं तर पाचशे मानसं उभी ऱ्हायली."

शरयूताईंना मात्र आता उरलेली भीती फेडून टाकायची होती. त्यांनी चष्मा पर्समधून काढून पुढे केला. "रागावू नका. तुम्हाला तो फोटो दिसू नये म्हणून काढून घेतला. धक्का बसला असता तर..."

चिंतामणरावांनी चष्मा घेतला, पुसला आणि खिशात ठेवला.

"शरयू, मोतीबिंदू काढल्यापासून लांबचं मला बिनचष्म्याचं दिसतं. हा वाचायचा आहे."

रिक्षा रेल्वेच्या फाटकाशी थांबली होती. शरयूताईंनी कपाळावर हात मारला. इतक्या दिवसांचा साधा चष्मा, आणि भीतीपुढे तेवढंही आठवलं नव्हतं.

"म्हणजे तुम्ही पाहिलंत?"

"तू यायच्या आधीच. पहिल्यांदा वाटलं, सत्कार आहे. मग समई दिसली."

"आणि काही बोलला नाहीत?"

"उठलो होतो की बोलायला. तर तू समोरून धावत येत होतीस, तोंडावर रक्ताचा थेंब नाही, त्यात संकष्टीची उपाशी. म्हटलं, हिला कळलं नसेल तर कळायला नको, नाहीतर इथेच भोवळ येऊन पडायची. म्हणून मग 'बसा, बसा' म्हणालो."

मेहरुनबी तोंडाला ओढणी लावून हसू लागल्या. "आन् आमी येड्यागत खोकत बसलो!"

"भीती नाही वाटली तुम्हाला?" शरयूताईंनी हळूच विचारलं.

"वाटली ना," चिंतामणराव म्हणाले. "सगळे उभे राहिले तेव्हा नाही. तू पायऱ्या चढायला लागलीस तेव्हा."

फाटक उघडलं.

संध्याकाळी दिवेलागणीला शरयूताई देवापुढे बसल्या. मंजुरीचं पत्र गणपतीच्या पायाशी होतं. भिंतीवर फोटोची जागा रिकामी होती. शस्त्रक्रिया होऊन ते घरी येईपर्यंत तो कपाटात साड्यांखाली राहील, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. मोदकांचा आकडाही त्यांनी देवाला एकदा मोजून दाखवला आणि हप्त्याने चालतील का, असं विचारून घेतलं. मग हात जोडून नेम सुरू केला. मोरगावचा मयूरेश्वर. सिद्धटेकचा सिद्धिविनायक. पालीचा बल्लाळेश्वर. महडचा वरदविनायक.

पाचव्यापाशी सवयीने आवाज खाली जायला लागला. त्या थांबल्या. पाचशे माणसांपुढे घेतलेलं नाव आता एकट्या देवापुढे गिळायचं, हे त्यांना बरं दिसेना. त्यांनी पदर सारखा केला आणि स्वच्छ म्हटलं, "थेऊरचा चिंतामणी."

"ओ!" आतल्या खोलीतून आवाज आला. "हजर आहे!"